वैमानिकाचा परवाना आणि महाविद्यालयाची निवड

वाशी-तुर्भे येथील मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात कांदा-बटाटा, मसाला, धान्य, भाजीपाला व फळे असे पाच बाजार नांदतात. येथे पाठीवर ओझे वाहणाऱ्या माथाडी कामगारांपैकी अनेकांची गावे सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांत आहेत. १९६९ च्या माथाडी कायद्याने या श्रमाला संरक्षण दिले आणि त्याच श्रमावर पुढची पिढी शिकत आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले व २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. विमानतळ जवळ आला, तशी वैमानिक होण्याची आकांक्षाही या वस्तीतील मुलामुलींच्या मनात रुजू लागली, तर नवल नाही. अशा वेळी पालकांचा पहिला प्रश्न असतो : मुलाला कोणत्या महाविद्यालयात घालावे?

पदवी वेगळी, परवाना वेगळा

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी एक भेद स्पष्ट व्हावयास हवा. विमान चालविण्याचा अधिकार पदवीने मिळत नाही. तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवान्याने मिळतो. व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असणे, बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय, प्रथम श्रेणीची वैद्यकीय पात्रता, हवाई मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, विमान वाहतूक नियम व तांत्रिक विषयांच्या लेखी परीक्षा आणि २०० तासांचे उड्डाण, अशा प्रमुख अटी आहेत. पदवीची अट त्यांत नाही. नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्जापूर्वी महासंचालनालयाचा चालू नियम पाहून घ्यावा.

खर्चाआधी तपासणी

बाजारात पोते उघडून माल पाहिल्याशिवाय जाणता व्यापारी भाव बोलत नाही. येथेही तोच क्रम हितावह ठरतो. दहावीनंतर विज्ञान शाखेत गणितासह प्रवेश घेण्याच्या वेळीच नेत्रतज्ज्ञाकडून रंगदृष्टी तपासून घ्यावी. चष्मा नागरी वैमानिकास सहसा अडसर ठरत नाही. रंगदृष्टीतील दोष मात्र ठरू शकतो. त्यानंतर महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरांकडून द्वितीय श्रेणीची आणि पुढे प्रथम श्रेणीची तपासणी करवावी. या तपासण्यांचा खर्च प्रशिक्षणाच्या मानाने नगण्य आहे. प्रशिक्षणाचा खर्च मात्र चाळीस लाख रुपयांच्या पुढे जातो. शेत गहाण टाकल्यावर शारीरिक अपात्रता उघड झाली, तर त्या कुटुंबाची हानी भरून निघणे कठीण.

परीक्षेसाठी लागणाऱ्या संगणक क्रमांकाकरिता बारावीच्या गुणपत्रिकेची मंडळाकडून पडताळणी आवश्यक असते. नवी मुंबईतील विद्यार्थ्यांची सोय अशी की, राज्य मंडळाचे मुंबई विभागीय कार्यालय वाशीतच आहे. वाणिज्य किंवा कला शाखेच्या विद्यार्थ्यास राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून भौतिकशास्त्र व गणित उत्तीर्ण होता येते.

तीन मार्ग

पहिला मार्ग बारावीनंतर थेट उड्डाण प्रशिक्षणाचा. उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमीत प्रवेश परीक्षेद्वारे निवड होते. महाराष्ट्रात नागपूर, गोंदिया, बारामती व धुळे येथे प्रशिक्षणाची सोय आहे. या मार्गाने जाणाऱ्याने यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवीही पूर्ण करावी.

दुसरा मार्ग विमानचालन विषयातील पदवीचा. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबच्या महाविद्यालयात मुंबई विद्यापीठाशी संलग्न असा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. याच क्लबमध्ये शिकून जे. आर. डी. टाटा यांनी १९२९ मध्ये भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळविला. अशा कोणत्याही पदवीत उड्डाणाचे तास व त्यांचे शुल्क समाविष्ट आहे की नाही, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

तिसरा मार्ग नेहमीच्या पदवीचा. वाशीतील रयत शिक्षण संस्थेच्या कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालयासारख्या ठिकाणी घराजवळ राहून विज्ञानाची पदवी घ्यावी व तोवर लेखी परीक्षांची तयारी करावी. वर्षे अधिक लागतात, पण हाती स्वतंत्र उपजीविकेचे साधन राहते. त्याचे मोल अनुभवाने सिद्ध झाले आहे. २०१२ मध्ये किंगफिशर व २०१९ मध्ये जेट एअरवेजची उड्डाणे थांबली. २०२० मध्ये महासाथीने देशातील प्रवासी वाहतूकच दोन महिने बंद ठेवली. त्या काळात परवाना असूनही अनेकांना काम नव्हते. म्हणून मर्यादित साधनांच्या कुटुंबासाठी तिसरा मार्ग, किंवा पहिल्या मार्गासोबत मुक्त विद्यापीठाची पदवी, हाच अधिक सुरक्षित पर्याय होय.

ज्यांना सैनिकी सेवेची खरी ओढ आहे, त्यांना खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून हवाई दलात जाता येते. तेथील प्रशिक्षणाचा खर्च शासन करते. प्रवेशाच्या तयारीसाठी राज्य शासनाने १९७७ मध्ये छत्रपती संभाजीनगर येथे सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था स्थापन केली असून, मुलींसाठी अशीच संस्था नाशिक येथे आहे.

अर्थसाहाय्य व मार्गदर्शन

अनुसूचित जातीच्या पात्र विद्यार्थ्यांसाठीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत व्यावसायिक वैमानिक अभ्यासक्रमाचा समावेश आहे. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील निवडक विद्यार्थ्यांना महाज्योती संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत प्रशिक्षण दिले आहे. कर्ज काढावे लागलेच, तर संपूर्ण शुल्क एकरकमी न भरता उड्डाणाच्या तासांनुसार हप्ते ठरवून घ्यावेत. संस्थेकडे चालू स्थितीतील विमाने व प्रशिक्षक किती, मागील तुकडीचे २०० तास किती महिन्यांत पूर्ण झाले, याची चौकशी करावी. महासंचालनालयाने २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची क्रमवारी जाहीर करण्यास प्रारंभ केला आहे, तीही पाहावी.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास इंग्रजीची भीती वाटते. वैमानिकाला नियंत्रण कक्षाशी इंग्रजीत स्पष्ट संभाषण करता आले पाहिजे, हे खरे. परंतु रोजच्या सरावाने ते साध्य होते. शिक्षकांनी आठवी-नववीपासून गणिताचा पाया व इंग्रजीचा सराव यांकडे लक्ष द्यावे. ग्रामपंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी शिष्यवृत्तीच्या मुदती वेळेवर कुटुंबांपर्यंत पोहोचवाव्यात. आकांक्षा मुलाची असते, पण कर्जाच्या कागदावर अंगठा किंवा सही त्याच्या वडिलांची असते. ती सही होण्यापूर्वी त्यांना योग्य माहिती मिळाली, तर गावातील एक शेत वाचेल आणि कदाचित एक वैमानिकही घडेल.