आधी तुझं माप

अगं, काल फोन ठेवल्यावर मी एकटीच हसत बसले होते. कानबाईच्या सणाला अजून तीन आठवडे आहेत आणि तू तिकडे सुरतेत बसून अकरा जणांच्या कपड्यांची यादी करून मोकळी झालीस! सासऱ्यांचा कुर्ता, सासूबाईंचं ब्लाऊज, दिरांची जाकिटं, जावांचे ड्रेस, पोरांचे झब्बे. सगळ्या घराच्या फोटोसाठी धुळ्याचा फोटोवालाही ठरवलास. सगळं ऐकून मी विचारलं, "आणि तू काय घालणार?" तर म्हणालीस, "माझं काय, बघू गं."

त्या "बघू गं"वर माझं हसू थांबलं. आज जे सांगतेय ते त्याच्याचसाठी.

बारा वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं. तेव्हा नवा नवा शिवणक्लास काढलेला, अंगात भारी हौस. भाऊबंदकीतल्या चौदा जणांचे कपडे शिवले. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत काज-बटणं आणि हेमिंग चाललेलं. सकाळी सगळ्यांना इस्त्री करून दिली, कुणाची बाही सैल तिथे टाचणी लावली, कुणाचा पदर बसवला. माझ्यासाठी आणलेला मोरपंखी कटपीस तसाच घडीत राहिला. मी जुनाच ड्रेस अडकवला आणि उंच जावेच्या मागे उभी राहिले. फोटो धुऊन आला तेव्हा आजेसासूबाईंनी तो डोळ्यांजवळ नेला, एकेकावर बोट ठेवत गेल्या आणि मला म्हणाल्या, "तुना फोटू कोठे शे, माय?" माझं फक्त कोपर दिसत होतं. मनगटावर टाचण्यांची उशी तशीच बांधलेली.

आज त्या आजी नाहीत. फोटो आहे. माझ्या लेकीला तो दाखवताना मला सांगावं लागतं, की हे सगळं मी शिवलंय आणि हे कोपर माझं.

म्हणून पहिली गोष्ट. सगळ्यात आधी तुझं कापड काप. यात स्वार्थ नाही, धंद्यातलं साधं शहाणपण आहे. जे शेवटी कापलं जातं ते उरल्यासुरल्या कापडातून, उरल्यासुरल्या वेळात आणि दुखऱ्या कमरेने कापलं जातं. गिऱ्हाइकाचं तू असं कधी करशील का? तुझं तयार होऊन हँगरला लागलं, की मग इतरांची कात्री उचल. त्यांच्यात एखाद्याचं राहिलंच, तर तो दुकानातून सदरा आणेल. आकाश कोसळत नाही.

आता रंगाचं. तू म्हणालीस, सगळ्यांना एकच निळा. नको गं, बँडपथक दिसेल. एका कुळातले तीन-चार रंग घे. मातकट, हळदी, विटकरी, मधूनच एखादा गडद निळा. आणि ज्याला जे शोभतं तेच त्याला शिव. कोल्हापूरच्या आपल्या भानू अथय्या आठव. जे. जे.त चित्रकला शिकलेली बाई, आधी बायकांच्या मासिकांत फॅशनची रेखाटनं काढायची आणि पुढे 'गांधी' सिनेमाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली भारताला पहिलं ऑस्कर घेऊन आली. तो सिनेमा पुन्हा पाहा, पण शिवणाऱ्या बाईच्या नजरेने. सूट-टायमधला बॅरिस्टर हळूहळू पंच्यापर्यंत कसा येतो, ते नुसत्या कपड्यांवरून कळतं. कपडा माणसाची गोष्ट सांगतो, ती अशी. तुझ्या सासऱ्यांनी जन्मभर पांढरं धोतर आणि टोपी घातली. त्यांना इंडो-वेस्टर्न जाकीट चढवलंस तर फोटोत जाकीट येईल, सासरे येणार नाहीत.

कापडाच्या बाबतीत तुला शिकवायची गरज नाही, पण शिवणं वेगळं आणि फोटोसाठी शिवणं वेगळं. अगदी बारीक चौकडी आणि बारीक रेघा टाळ, कॅमेऱ्यात त्या लहरी मारतात. साटीनवर फ्लॅशचे पांढरे डाग पडतात. भडक पोपटी ओढणी गळ्याशी असली, की हनुवटीखाली हिरवी झाक येते. सुती कापड घेशील ते आधी भिजव, वाळव, मगच काप. श्रावणात कापड वाळायला दोन-दोन दिवस लागतात, ते हिशेबात धर. पोरांच्या झब्ब्यांना आत भरपूर कापड सोड, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून वाढवता येतील. आणि त्यांना तो झब्बा आधी एकदा घालून खेळू दे. कोऱ्या कपड्यात पोरं पुतळ्यासारखी उभी राहतात.

वेळ शनिवारी संध्याकाळची ठेव, पाचच्या सुमाराची. रविवारी कानबाई बसणार, म्हणजे पुरण, खीर, गंगाफळाची भाजी, चुलीचा धूर. कुणाच्या हाताला हळद, कुणाच्या पदराला तेल. सोमवारी विसर्जनाच्या गडबडीत कुणाला उभं राहायला सवड नाही. शनिवारी पुण्या-नाशिकचे सगळे पोचलेले असतात आणि भांडणं अजून सुरू झालेली नसतात. श्रावणातलं ढगाळ आभाळ तर फोटोला वरदान. उजेड मऊ पडतो, डोळ्यांखाली काळ्या सावल्या येत नाहीत. तुमच्या घराचा ओटा पुरे. मोबाईलवर काढलात तर कडेला लेकुरवाळ्या जावेला उभं करू नका. जवळून काढलेल्या फोटोत कडेची माणसं रुंद दिसतात आणि मग वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

फोटोवाला म्हणाला ना, की फुलांची कमान आणि पांढरा सोफा आणतो? नको म्हण. आपल्या खान्देशातच चाळीसगावला केकी मूस होऊन गेले. परदेशात फोटोग्राफी शिकून आले आणि पुढचं जवळजवळ सगळं आयुष्य स्टेशनजवळच्या आपल्या घरात काढलं. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांनी त्यातून अख्खी निसर्गदृश्यं उभी केली. त्या घरात आता त्यांचं कलादालन आहे. सुरतेहून येताना एकदा वाट वाकडी करून पोरांना दाखवच. तुमच्या ओट्यावर तर आजेसासऱ्यांची खाट आहे, पितळी बंब आहे. आणि अगं, तुझं जुनं पायाचं मशीन आहे. ते फोटोत येऊ दे. लग्नानंतर पहिली दोन वर्षं त्याच्यावरच तर तू गल्लीतली ब्लाऊजं शिवलीस.

आणखी एक. हा फोटो तू तुझ्या बुटीकच्या जाहिरातीला वापरणार, हे मला माहितेय. कर, कामाची लाज कसली? पण घरच्यांना आधी विचार. सासूबाईंना चालेल का, जावेच्या पोरीचा चेहरा सगळ्यांनी बघितलेला तिला आवडेल का. नाही म्हणाल्या, तर नुसत्या कपड्यांचे वेगळे फोटो काढ. आणि प्रत्येक कपड्यामागे एका वहीत लिहून ठेव. कापड कुठलं, किती मीटर लागलं, किती तास गेले, कुठे चुकलं. भानू अथय्यांनी स्वतःच्या कामाचं पुस्तक स्वतः लिहिलं, ते २०१० साली आलं. तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. आपण इतकं थांबायला नको. चहा उकळेपर्यंत चार ओळी लिहून होतात.

आता मनातलं सांगते. कानबाईच्या रोटांसाठी गहू कसे घेतात, तुला ठाऊक आहे. घरातल्या पुरुषमाणसांच्या संख्येवर, प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ. आपण दळतो, आपण भाजतो, पण त्या मोजणीत आपण नसतो. रीत आहे, मी काही तिच्याशी भांडायला निघाले नाही. पण फोटो काढायची रीत आपणच पाडतोय ना? मग या मोजणीत तू अकरा जणांनंतरची बारावी कशाला? एक नंबरला बस. खाटेवर, सासूबाईंच्या शेजारी. आणि मनगटावरची ती टाचण्यांची उशी काढून ठेव बाई, माझ्यासारखं करू नकोस.

स्वतःचं ब्लाऊज तू नेहमी जुन्यावरून बेतून शिवतेस, हे मला दिसतं. खांद्यात ते ओढतं. कारण उघड आहे. शिवणाऱ्या बाईला दुनियेचं माप घेता येतं, स्वतःच्या पाठीचं नाही. हात मागे नेला की खांदा उचलला जातो आणि टेप सरकते.

तर पुढच्या रविवारी एक दिवस काढून शिरपूरला ये. कापड घेऊन ये. माप मी घेते.

तुझी,
ताई