झिंबाब्वे : पैसा बुडाला, पाणी बिघडले, पटकी आली

रोगराई, अन्नटंचाई आणि आर्थिक घसरण हे आपण पुस्तकात तीन वेगळ्या धड्यांत वाचतो. प्रत्यक्षात ही संकटे एकमेकांचा हात धरून येतात. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील झिंबाब्वेच्या उदाहरणावरून आपण हे समजून घेऊ.

१९८० साली स्वतंत्र झालेला हा देश शेजाऱ्यांनाही मका विकत असे. मात्र उत्तम जमीन मोजक्या गोऱ्या शेतकऱ्यांकडे होती. ही विषमता खरी होती. पण २००० पासून जमिनी घाईने व जबरदस्तीने घेतल्या गेल्या. नव्या शेतकऱ्यांना बियाणे, कर्ज व अवजारे पुरेशी मिळाली नाहीत. त्यातच दुष्काळ पडले. उत्पादन व निर्यात घटली, परकीय चलन आटले आणि सरकारने खर्चासाठी नोटा छापल्या. जुलै २००८ मध्ये महागाईचा वार्षिक दर सरकारी आकड्यांनुसारच २३ कोटी टक्क्यांवर गेला. जानेवारी २००९ मध्ये शंभर ट्रिलियन डॉलरची नोट निघाली. एकावर चौदा शून्ये! भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त या स्थानाला 'जलधि' म्हणतात.

आता पाण्याकडे वळू. राजधानी हरारेत पाणी शुद्ध करणाऱ्या रसायनांसाठी पैसा उरला नाही. नळ कोरडे पडले, सांडपाणी रस्त्यावर आले. लोक उथळ विहिरी खणून पाणी भरू लागले. ऑगस्ट २००८ मध्ये पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ सुरू झाली. पगार कवडीमोल झाल्याने डॉक्टर व परिचारिका कामावर येईनात. वर्षभरात ९८ हजारांहून अधिक लोक आजारी पडले, ४,२०० हून अधिक दगावले. वेळेवर उपचार मिळाल्यास शंभरात एकही रुग्ण दगावू नये. येथे चार गेले. त्याच काळात सुमारे निम्मी लोकसंख्या मदतीच्या धान्यावर होती. उपाशी शरीर रोगाशी काय झुंजणार?

२००९ मध्ये परदेशी चलने स्वीकारताच भाव स्थिरावले. पाण्याची व्यवस्था मात्र तशी एका निर्णयाने सुधारत नाही. २०१८ व २०२३ मध्ये पटकी पुन्हा आली.

पटकीत माणूस मरतो तो मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार गेल्याने. १९७१ च्या बांगलादेश निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्याने असंख्य प्राण वाचवले. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण घरातील सर्वांनी पाठ करावे. रुग्णाला हे पाणी देत देत दवाखान्यात न्यावे.

स्वाध्याय : नोटा छापण्यापासून पटकीपर्यंतची साखळी आपल्या शब्दांत लिहा. ती कोठे तोडता आली असती? पालकांशी चर्चा करा.