चिठ्ठी दुसऱ्या गटाची निघाली तर?

अगं, काल फोनवर तू रडत होतीस, म्हणून मी फार बोलले नाही. सासूबाईंच्या तोंडातल्या कॅन्सरच्या गाठीसाठी ट्रायलचे कागद दिलेत आणि दाजी म्हणतात, "आमची आई काय उंदीर आहे का?" त्यांना बोल लावू नकोस. पण तुमच्या दारात तव्यावर तंबाखूची मिश्री भाजली जायची, त्या धुरानं मला ठसका लागायचा, तेव्हा कुणी कसला कागद मागितला नव्हता. असो, टोमणा नाही हा.

दोन गटांची ट्रायल म्हणजे सरपंचपदाच्या आरक्षणाच्या सोडतीसारखं असतं बघ. कुणाला नवं औषध आणि कुणाला नेहमीचं, हे डॉक्टर ठरवत नाही, चिठ्ठी ठरवते. चिठ्ठी कॉम्प्युटर काढतो एवढंच. म्हणून माझा पहिला प्रश्न: चिठ्ठी दुसऱ्या गटाची निघाली, तर आईंना काय मिळणार?

हे मी उगाच विचारत नाही. आपल्या जामखेडकडून खर्ड्याच्या पलीकडे गेलं की धाराशिव, तेव्हाचं उस्मानाबाद. तिथं 1999 पासून टाटा हॉस्पिटल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलनं 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचा अभ्यास केला. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर कोणत्या तपासणीनं वेळेवर सापडतो, ते बघायचं होतं. गावं चार गटांत वाटली. एका गटातल्या 34,126 बायकांसाठी एचपीव्ही विषाणूची तपासणी, तीही एकदाच. आठ वर्षांत त्या गटात या कॅन्सरनं 34 बायका गेल्या. आणि ज्या 31,488 जणींची तपासणीच ठेवली नव्हती, त्यांच्यातल्या 64. अगं, निम्म्यानं फरक! 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हीच तपासणी आधी करा म्हणून सांगितलं. आपल्या शेजारच्या बायकांनी जगाला दिलेलं आहे हे.

पण त्या 64 जणी माझ्या मनातून जात नाहीत. त्या बायकांची तपासणी का नाही केली, म्हणून पुढं टीका झाली. तेव्हा आपल्याकडं अशी तपासणी सरसकट नव्हतीच, हे उत्तरही खोटं नाही. मला दोन्ही पटतं, आणि म्हणून मनाला टोचतं.

उपचारांच्या ट्रायलमध्ये बहुतेक वेळा दुसऱ्या गटाला चालू उपचार मिळतोच. तोंडाच्या कॅन्सरचंच बघ. तेव्हा टाटात असलेल्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या ट्रायलमध्ये गाठ सगळ्यांचीच काढली. निम्म्यांच्या मानेतल्या गाठी तेव्हाच काढल्या, बाकीच्यांच्या पुढं तिथं कॅन्सर दिसल्यावर. तीन वर्षांनी पहिल्यांतले 80 टक्के जिवंत होते, दुसऱ्यांतले 67.5. हे 2015 ला छापून आलं. तोवर डॉक्टरांतच दोन मतं होती गं.

आता कामाचं. आईंना वाचता येत नाही, म्हणजे समजावून सांगताना तिऱ्हाईत साक्षीदार समोर हवा. ट्रायलच्या 2019 च्या नियमांत तसं आहे. नर्सबाई म्हणाली "इथं अंगठा द्या" आणि दिला, असं नको. कागद मराठीत माग. सही झाल्यावर त्याची प्रत आपल्याकडं राहते, ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेव. त्यावर नैतिकता समितीचा नंबर असतो, तो बघ. सीटीआरआयचा, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी नंबर विचार. औषधानं काही बिघडलं तर उपचार फुकट आणि भरपाई कोण देणार, तेही लिहिलेलं असतं. आणि मधेच सोडायचं झालं तर सोडता येतं, त्यावरून बाकीचे उपचार अडवता येत नाहीत. दाजींना एवढं तरी नक्की सांग.

आणि आईंना कुणी विचारलंय का? सगळे त्यांच्या डोक्यावरून बोलताय.

रविवारी ये. कागद आण, आईंनाही आण, आणि तुझा चष्मा विसरू नकोस. माझा नंबर वाढलाय, मला बारीक अक्षर दिसत नाही. मोठ्यानं तूच वाच, आईंना ऐकू दे.