बास गिटार थेट मिक्सरला जोडावी का?

प्रश्न : आमचा ऑर्केस्ट्रा गणेशोत्सवात मंडळांच्या स्टेजवर वाजवतो. माझी बास गिटार थेट मिक्सरला जोडली की आवाज मरतो, वर गुणगुण येते. प्रीअँप घेऊ की डीआय बॉक्स?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी डीआय बॉक्स घ्या. गिटारमध्ये बॅटरी नसेल तर ती पॅसिव्ह. तिच्या पिकअपला सुमारे १० लाख ओहमचा इनपुट लागतो. मिक्सरचा लाइन इनपुट जेमतेम १०-२० हजारांचा असतो. आवाज तिथंच मरतो. गुणगुण येते ती लांब साध्या केबलमुळे. डीआय तोच सिग्नल बॅलन्स्ड करून तीन पिनांच्या केबलवर पाठवतो, मग मिक्सर मांडवाच्या दुसऱ्या टोकाला असला तरी चालतं.

पॅसिव्ह गिटारला अॅक्टिव्ह डीआय घ्या. त्याला ४८ व्होल्ट फँटम पॉवर किंवा बॅटरी लागते, तेव्हा साउंडवाल्याला आधीच विचारा. गिटार अॅक्टिव्ह असेल, तर ट्रान्सफॉर्मरचा पॅसिव्ह डीआय उत्तम. त्याला वीज लागतच नाही.

तरीही गुणगुण राहिली तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगची अर्थिंग पिन मात्र कधीही काढू नका! जनरेटर, पावसानं ओलं स्टेज आणि हातात लोखंडी तारा, यात जीव जाऊ शकतो.

प्रीअँप आवाजाला स्वभाव देतो. स्टेजवर बासचा वेगळा अँप नसेल, तर पुढं डीआय आउटपुट असलेला प्रीअँप घ्या. टेक २१ चा सॅन्सअँप बास ड्रायव्हर त्यातलाच. ढोलकीसोबत वाजवताना खालचे सूर फार वाढवू नका, थोडे मधले उचला.