सौरभट्टींतील सुकें लांकूड दोन खेपांमध्यें कसें ठेवावें

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेनें प्रचारांत आणलेली सौरभट्टी म्हणजे पारदर्शक छपराची, पंखा व झरोके असलेली खोली. एक खेप सुकली, दुसरें ओलें लांकूड अद्याप आलें नाहीं, तर सुका माल तींतच राहूं द्यावा काय?

फाल्गुन-चैत्रांत हरकत नाहीं. मात्र थरांमधील पट्ट्या काढून फळीस फळी भिडवून रचावी, पंखा थांबवावा व झरोके बंद करावे. फळीच्या टोकांतून ओल फार त्वरेनें शिरते. तेथें जाड रंग द्यावा.

आषाढांत गोष्ट निराळी. लोणावळ्याकडे सूर्यदर्शनच दुर्मिळ. मग भट्टी ही केवळ एक दमट खोली उरते. हवेची आर्द्रता शेकडा 90 राहिली, तर शेकडा 12 ओलाव्यापर्यंत वाळविलेलें लांकूड हळूहळू 20 पर्यंत चढतें, व तेथून पुढें बुरशीस वाव मिळतो. अशा वेळीं माल चुलीवरील माळ्यावर न्यावा. ज्या घरांत चूल अद्याप पेटते, तेथें ही वडिलांची रीतच आम्हांस भरंवशाची वाटते.

नवी ओली खेप आली कीं सुका माल प्रथम बाहेर काढावा. ओल्याची वाफ सुकें लांकूड पितें व फुगतें. त्या फळ्यांचें दार श्रावणांत केलें, तर वैशाखांत त्याचे सांधे उघडतात.