केदारनाथची पायवाट : उंचीबरोबर बदलणारी वनसृष्टी

केदारनाथ यात्रेस निघणारे भाविक कार्यालयात चौकशीस येतात, तेव्हा बहुधा दोनच प्रश्न विचारतात : चालणे किती आहे आणि घोडा मिळतो का? उंची किती, हे क्वचितच कोणी विचारते. वास्तविक या यात्रेत शरीराची खरी परीक्षा अंतरापेक्षा उंचीच घेते. ती ओळखण्यास यंत्राची आवश्यकता नाही. वाटेवरील वृक्षच ती सांगत असतात. भाविकांना ही खूण कळावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जेथून पायी चढण सुरू होते ते गौरीकुंड समुद्रसपाटीपासून सुमारे १,९८० मीटर उंच आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. म्हणजे आपण पहिले पाऊल टाकतो तेच कळसूबाईच्या माथ्याहून वर. श्रीकेदारनाथांचे मंदिर ३,५८३ मीटरवर आहे. दर हजार मीटरला तापमान सरासरी सहा ते साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. त्यामुळे सुमारे १६ किलोमीटरच्या या वाटेत हवा जवळजवळ दहा अंशांनी थंड होते आणि प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश उरतो.

शाल आणि चीड : हृषीकेशजवळ गंगातीरी शालवृक्षांची वने दिसतात. मोटार वर चढू लागली की ती मागे पडतात आणि सुईसारख्या पानांचे चीड वृक्ष डोंगरउतारांवर दिसू लागतात. हा पट्टा आपण वाहनातूनच ओलांडतो.

बांज आणि बुरांस : गौरीकुंडाच्या परिसरात ओक जातीचे बांज, मोरू हे वृक्ष आणि उत्तराखंडाचा राज्यवृक्ष बुरांस आढळतो. बांजाचे पान उलटून पाहावे. खालची बाजू पांढुरकी असते. या वनांत ओलावा टिकतो. वसंतात बुरांस तांबड्या फुलांनी बहरतो.

खरसू आणि भूर्ज : पुढे थंडी वाढते आणि खरसू हा ओकवृक्ष दिसू लागतो. त्याच्या पानाची खालची बाजू तपकिरी असते. तीन हजार मीटरच्या सुमारास कागदासारखी साल सुटणारे भूर्जवृक्ष आढळतात. प्राचीन काळी ज्यावर पोथ्या लिहिल्या जात, तेच हे भूर्जपत्र. बर्फाच्या भाराने येथील झाडे उताराकडे वाकलेली असतात.

बुग्याल : याहून वर वृक्ष संपतात. तेथील उन्हाळा इतका अल्प व थंड असतो की उंच खोड वाढविण्याइतकी ऊब झाडास मिळत नाही. उरतात ती खुरटी झुडपे आणि पावसाळ्यात फुलणारी गवताळ कुरणे. त्यांना गढवाली भाषेत बुग्याल म्हणतात. मंदिर याच पट्ट्यात आहे. श्रावणात देवास वाहिले जाणारे खरे ब्रह्मकमळ अशाच उंचीवर, खडकांच्या आधाराने उगवते. आपल्या घरच्या कुंडीत रात्री उमलणारे ब्रह्मकमळ हे निवडुंगाच्या कुळातील, परदेशातून आलेले झाड आहे, हे अनेकांस ठाऊक नसते.

या उंचीचा नियम देवासही मान्य आहे. भाऊबीजेस मंदिराची द्वारे बंद होतात आणि उत्सवमूर्ती हिवाळ्यासाठी खाली उखीमठास येते. मग आपण मनुष्यांनी घाई का करावी?

भाविकांनी लक्षात ठेवावे : चढण्यापूर्वी किमान एक रात्र गुप्तकाशी अथवा सोनप्रयाग येथे मुक्काम करावा. हृदयविकार, रक्तदाब वा दमा असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. खरसूची पाने दिसू लागली की चाल मंद करावी. झाडे विरळ झाली की गरम कपडे हाताशी ठेवावेत. डोकेदुखी, मळमळ, चक्कर जाणवल्यास पुढे चढू नये. बसल्या जागी धाप लागत असेल तर विनाविलंब खाली उतरावे, हाच पहिला उपचार होय. दर्शन राहिले तर पुन्हा येता येते. हेलिकॉप्टरने जाणारे हे सारे पट्टे काही मिनिटांत ओलांडतात. त्यांच्या शरीरास पूर्वसूचनाच मिळत नाही, म्हणून त्यांनी अधिक जपावे.

या पर्वताचे कोपणेही आपण पाहिले आहे. १६ व १७ जून २०१३ च्या महापुरात रामबाडा ही वाटेवरची वस्ती वाहून गेली. त्यानंतर नदी ओलांडून लिंचोलीमार्गे नवी वाट झाली. पावसाळ्यात निघण्यापूर्वी प्रशासनाच्या सूचना अवश्य पाहाव्यात.

या परिसरात १९७२ पासून कस्तुरीमृगांसाठी राखलेले अभयारण्य आहे. बुग्यालाला वाढीस वर्षातून जेमतेम चार महिने मिळतात. तेथे तुडवलेले गवत भरून येण्यास वर्षे लागतात. म्हणून वाट सोडून चालू नये, फुले तोडू नयेत, प्लास्टिक आपल्याच पिशवीतून परत आणावे. वाटेवर अन्नदान करणाऱ्या दानशूर भक्तांनी प्लास्टिकची पात्रे टाळल्यास तेही दानाइतकेच पुण्य ठरेल.

प्रत्येक वृक्षास ओळखीचा नमस्कार करीत, सावकाश चढावे. सर्व भाविकांची यात्रा निर्विघ्न होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.