गाडीचं कूलंट: कॅनडात नव्याने येणाऱ्यांसाठी
(मासवण, पालघर, बोईसर भागातून येऊन इथे स्थिरावलेल्या कुटुंबांनी लिहून दिलेलं)

एडमंटनहून
मासवणला रेडिएटर आटला की सूर्या नदीचं बाटलीभर पाणी ओतून गाडी पुढे निघते. इथे तसं करू नका. हिवाळ्यात पारा उणे ३० च्याही खाली जातो. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक तडकतो. इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घेतलं, तर मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत टिकतं.

कूलंट बदलायचं असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी काम सुरू करा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट अंगावर उडतं. हीटर पूर्ण गरमवर ठेवा. खाली पसरट टब सरकवा, रेडिएटरच्या तळाचा कॉक उघडा. कॉक नसेल तर खालच्या होजची क्लिप सोडवा. सगळं निथळलं की कॉक बंद करून डिस्टिल्ड पाणी भरा आणि खालचा होज गरम लागेपर्यंत इंजिन चालू ठेवा. थर्मोस्टॅट उघडल्याशिवाय ब्लॉकमधला गाळ हलत नाही. इंजिन थंड करून पाणी काढा. स्वच्छ येईपर्यंत हेच करा.

आता महत्त्वाचं. ब्लॉकमध्ये थोडं पाणी राहतंच, म्हणून तयार मिश्रण ओतलं तर ते पातळ होतं. गाडीच्या पुस्तिकेत कूलंटची एकूण क्षमता बघा, तिच्या निम्मं बिनपाण्याचं कूलंट आधी ओता, मग डिस्टिल्ड पाण्याने भरती करा. शेवटी हायड्रोमीटर लावून मिश्रणाचं प्रमाण बघा. कूलंट रंगावरून निवडू नका. पुस्तिकेत लिहिलंय तेच घ्या.

ब्रॅम्प्टनहून
काम सोपं, जुनं कूलंट टाकणं महाकठीण! गटारात ओतता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर गेलो तर लायसन्सवर जुना पत्ता म्हणून परत पाठवलं. विजेचं बिल घेऊन गेलो, तर डब्यावर आत काय आहे ते लिहिलेलं नाही म्हणून पुन्हा परत. त्यात भाड्याच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये दुरुस्ती केली म्हणून नोटीस आली ती वेगळीच. नवीन माणसाला हे आधी कोणी सांगत का नाही? भाडेकरार वाचा, डब्यावर आत काय आहे ते लिहा, पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा.

मिसिसागाहून
माझं मत स्पष्ट आहे: हे काम दसऱ्याच्या आधी उरका. थंडीही तोंडावर आलेली असते आणि पूजेला गाडी तयार होते. झेंडूचा हार घालताना मुलांना हाताशी घ्या, बॉनेट उघडून दाखवा. आपल्याकडे हत्यारांची पूजा होते ती हत्यार चालवणाऱ्या हातांनी. इथली मुलं फक्त फोटोपुरती उभी राहतात, हे मला पटत नाही. मात्र उघडा टब त्यांच्या जवळ ठेवू नका. कूलंट गोड लागतं आणि ते विष आहे, मुलांना तसंच कुत्र्या-मांजरांनाही.

हिवाळी टायर आणि गाडीचा विमा यांवर अजून कोणीच लिहिलेलं नाही. ज्यांना माहिती आहे त्यांनी थंडी सुरू होण्याआधी लिहून पाठवावं.